शेवयांच्या पाटावर लझानिया

होळी आटोपायची, नवा गहू घरात यायचा आणि रामाकोन्याच्या आमच्या आळीत बायांची एकच बोलणी सुरू व्हायची: यंदा शेवयांना सुरुवात कोणाकडून? शेवया हे एकटीनं उरकण्याचं काम नव्हतं. आज एकीच्या ओसरीत, उद्या दुसरीच्या, अशी पाळी लागायची. जिची पाळी तिनं चहा करायचा, बाकीच्यांनी दुपारचं जेवण उरकून आपापला पाट काखेत मारून यायचं. मजुरीचा प्रश्न नव्हता. आज दिलेला हात आपल्या पाळीला परत मिळायचा, आणि जी बाई दुसरीकडे गेली नाही तिच्या पाळीच्या दिवशी कोणाला ताप यायचा, कोणाकडे पाहुणे टपकायचे.

गहू बन्सीचाच लागे. पोळीचा गहू शेवयांना चालत नाही हे पोरीसोरींनाही ठाऊक होतं. बन्सी लांबट, पिवळसर, दाताखाली धरला तर टणकन तुटणारा. आदल्या दिवशी त्याला पाण्याचा हात लावून ओल्या फडक्यात दडपून ठेवायचं, मग सुकवून दळायचं, आणि ते दळण पातळ लुगड्याच्या कापडातून गाळायचं. वर राहिला तो रवा, खाली पडलं ते पीठ. दोन्ही मिठाच्या पाण्यात घट्ट भिजवून, कुटून कुटून गोळा असा करायचा की ओढला तर तुटण्याआधी लांबला पाहिजे. कुटायचं काम बहुधा ज्यांची लग्नं ठरायची होती अशा मुलींकडे असायचं. का, ते कोणी सांगितलं नाही.

पाट सागाचा, त्यावर बारीक उभ्या रेघा कोरलेल्या. एक टोक उंचावर टेकवून बाई त्यावर बसायची आणि तळव्याखाली गोळी धरून खाली सरकवायची. तळव्याखालून धागा निघायचा, पाटावरून घसरत खाली यायचा. तिथं आम्ही पोरी दोन्ही हात पसरून बसलेल्या. धागा तुटला तर वरून शिवी, तुटला नाही तरी वरून शिवी. झेललेल्या शेवया बाजेवर धुतलेलं धोतर अंथरून त्यावर पसरायच्या. माझ्या मोठ्या आईचा हात सगळ्यात बारीक. ती बसली की बाकीच्या बाया गप्पा थांबवून पाहायच्या, आणि तिला ते पक्कं ठाऊक असायचं. मुद्दाम मान वळवून कोणाशी तरी बोलत, हाताकडे न बघता ती धागा सोडायची.

माझा जीव मात्र शेवयांपेक्षा सरगुंड्यांवर. तेच पीठ, पण त्याची जाडसर वळकटी करून ती एका गुळगुळीत काडीवर पिळा घालत गुंडाळायची आणि अलगद काडी काढून घ्यायची. आतून पोकळ, वरून वेटोळी पडलेली नळी हातात राहायची. हे काम आम्हा पोरींना मिळे, कारण बोटं लहान. काडी ओढताना घाई केली तर नळी चपटी व्हायची. मोठी आई ती चपटी उचलून परत गोळ्यात टाकायची, बोलायची नाही. उन्हात वाळवलेले सरगुंडे डब्यात भरून ठेवायचे. मग जावई आला, अक्षय तृतीया आली, की वाफवून आमरसात घालायचे. नळीच्या पोकळीत रस शिरतो आणि दाताखाली एकदम फुटतो. बाजारातली मॅकरोनी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा वाटलं, आंबा विसरले वाटतं हे लोक.

वर्षाकाठी अशी पिठाची कितीतरी सोंगं आमच्या घरात व्हायची. रोजची पोळी तर होतीच. पावसाळ्यात वरणफळं: लाटलेल्या पोळीच्या चौकोनी वड्या कापून उकळत्या वरणात सोडायच्या, वर लसणाची फोडणी. पाहुणे जास्त झाले की पाटोड्या: बेसन घोटून परातीत पातळ थापायचं, वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्श्यात द्यायच्या. हिवाळ्यात सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या. शेतात गेलं की गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे आणि वांग्याचं भरीत. उकडलेलं पीठ, त्यावर रस्सा, मध्ये भाजी, वरून तूप. पुढं आमच्या घरात जे शिजलं ते पाहून बाकीचे चकित झाले तेव्हा मी फारशी झाले नाही, ते याच शिदोरीमुळं.

आता रामाकोना कुठं, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगायला हवं. छिंदवाड्याहून नागपूरला निघालं की सिल्लेवानीचा घाट उतरून सपाटीला लागताना हे गाव येतं. पुढं सौसर, लोधीखेडा, मग महाराष्ट्राची हद्द आणि सावनेर. 1956 पर्यंत हा हिशेब करायची गरज नव्हती. मध्य प्रदेशाची राजधानीच नागपूर होती. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, आणि सौसर-पांढुर्ण्याची मराठी माणसं त्याच्याबरोबर. शाळेत हिंदी, घरात मराठी, बाजारात दोन्ही. 2023 च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. पांढुर्ण्याची गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, ज्यांनी बातम्यांत पाहिली त्यांना एवढं नाव ठाऊक असतं. त्या दगडांपलीकडे इथं संत्र्याच्या बागा आहेत, कापूस आहे, तूर आहे, हे बातम्यांत येत नाही.

आणि छोटी गाडी होती. अडीच फुटांच्या रुळांवरची नागपूर-छिंदवाडा गाडी, बंगाल-नागपूर रेल्वेनं इंग्रजी अमलात टाकलेली. इतवारीहून निघायची आणि कुकडीखाप्याच्या चढाला लागली की इंजिन धापा टाकायचं. आमच्याकडे शहर यायचं ते याच गाडीनं: नागपुरी संत्राबर्फी, गोल पाव, काकांच्या औषधाच्या बाटल्या, आणि एकदा माझ्या मामेभावानं आणलेला टोमॅटो सॉस. त्या बाटलीतला सॉस आम्ही पोळीला लावून खाल्ला. भेदऱ्याच्या, म्हणजे टोमॅटोच्या, चटणीत साखर कोणी घातली, असं मोठी आई म्हणाली, आणि बाटली रिकामी झाल्यावर धुऊन तिच्यात तेल भरलं. ती गाडी 2015 च्या अखेरीस बंद झाली. काही वर्षांनी मोठ्या रुळांची गाडी आली. वेगानं जाते, बसायला बरी, खिडकीतून हात लांबवून झाडाचा पाला तोडता येत नाही एवढीच तक्रार.

शेवयांचा पाट मात्र छोट्या गाडीच्या कितीतरी आधी थांबला होता. त्याला कोणत्याही परदेशी पदार्थानं थांबवलं नाही, हे मला ठासून सांगायचं आहे, कारण आमच्या पिढीचे लोक पिझ्झ्याच्या नावानं बोटं मोडत असतात. आधी आलं हातानं फिरवायचं मशीन. कणीक वरून घाला, दांडा फिरवा, खालून शेवया. मग पिठाच्या चक्कीवाल्यानं विजेचं मशीन बसवलं. गहू नेऊन द्यायचा, संध्याकाळी शेवया घेऊन यायच्या. मग पाकीट आलं, बांबिनोचं, भाजलेल्या शेवयांचं. मॅगी भारतात 1983 साली आली. आमच्या दुकानांत ती पोचली तोवर आळीतले पाट माळ्यावर गेलेले होते. मॅगीनं मारलं ते मेलेल्याला.

गव्हाचंही तसंच झालं. बन्सीला पाणी कमी लागे, पण उतारा कमी. ओलिताची सोय झाली तसा लोकवन आला. लोकवन म्हणजे मूळचा लोक-1, गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेनं काढलेला वाण. पोळीला उत्तम, उताराही चांगला. कोण कशाला बन्सी लावेल? माझ्या वडिलांनी बांधाकडची एक पट्टी बरीच वर्षं बन्सीसाठी राखली होती, ती निव्वळ मोठ्या आईच्या धाकानं. ती गेली आणि पट्टीवर संत्र्याची कलमं लागली.

मी सासरी नागपूरला होते. उन्हाळ्यात माहेरी आले तर फडताळात शेवयांचं पाकीट. मला भडभडून आलं. आईला म्हटलं, पाटावरच्या शेवया यंदा केल्या नाहीत? ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "सुटली बाप्पा मी." नंतर तिनं उजवा खांदा दाखवला. हात कानाच्या वर जात नव्हता. वर्षानुवर्षं पाटावर तळवा रेटून तो खांदा धरला होता, आणि घरात कोणालाच ते ठाऊक नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून पाटावरच्या शेवयांच्या आठवणी काढून गहिवरणाऱ्या माणसाला मी आधी विचारते, तुम्ही करायला होतात की खायला? बहुतेक खायला असतात.

हे एवढं सगळं सांगितलं कारण गेल्या दिवाळीनंतर माझ्या भाचेसुनेनं रामाकोन्यात लझानिया केलं.

ती पांढुर्ण्याकडची. नागपूरला वसतिगृहात राहून शिकलेली, तिथल्या मैत्रिणीकडून हे शिकली. दादाच्या घरी आता ओव्हन आहे, टेबलावर ठेवायचा छोटा. दोन वर्षं त्यात फक्त शेंगदाणे भाजले गेले, असं वहिनीचं म्हणणं. लझानियाची तयार पानं सौसरच्या बाजारात मिळाली नाहीत. छिंदवाड्याहून मागवता आली असती, पण तिनं ठरवलं, घरी लाटू. मोझरेला चीज तेवढं तिनं नवऱ्याकडून मागवलं. बाकी सगळं घरचं आणि बाजाराचं: भेदरं, पालक, फुलकोबी, गाजर, सिमला मिरची, आणि मक्याचे दाणे. छिंदवाड्याला कॉर्न सिटी म्हणून मिरवतात, तेव्हा मका नसेल तर कसं चालेल.

पीठ भिजवताना मी तिला थांबवलं नाही, नुसती बघत होते. अर्धी कणीक, अर्धा बारीक रवा, मीठ, चमचाभर तेल, आणि कोमट पाण्यानं घट्ट गोळा. मग तो झाकून अर्धा तास विसरायचा. रवा पाणी पितो आणि गोळा मऊ होतो. ती दंडांच्या जोरानं मळत होती. मी म्हटलं, कूट थोडं. तिनं गोळा पोळपाटावर आपटला, दोन-चार बुक्क्या घातल्या आणि विचारलं, "असं, आत्या?" असंच.

लाटायला पोळपाट पुरेना. लझानियाची पट्टी लांबट हवी, भांड्याच्या मापाची. पोळपाटावर गोल पोळी लाटून कडा कापल्या तर निम्मं पीठ वाया. वहिनी उठली, माळ्यावर चढायला पोराला सांगितलं आणि शेवयांचा पाट खाली काढला. पुसला तर रेघा अजून जाग्यावर. त्याच्या मागच्या सपाट बाजूवर लांब पट्ट्या लाटल्या, पलीकडचा हात दिसेल इतक्या पातळ.

"अवं, हे काय मांडून राहिली तू?" वहिनीनं विचारलं. "वरणफळाले एवढी मोठी पट्टी कोणी कापते काय?"

"आई, वरणफळ नाही ना हे."

"त मग उकडून काहून राहिली?"

उकडतच होती. मोठ्या गंजात खळखळ पाणी, त्यात मीठ, एका वेळी दोन-तीन पट्ट्या, फार तर दोन मिनिटं. बाहेर काढून लगेच थंड पाण्यात, मग ओल्या फडक्यावर एकीला एक चिकटणार नाही अशा पसरायच्या. मी न सांगता खाली बसले आणि दोन्ही हातांनी पट्ट्या झेलल्या. सवय जात नाही.

लाल रस्सा साधा. भेदऱ्यांना देठाच्या उलट बाजूनं चीर देऊन उकळत्या पाण्यात घालायचं, साल सुटलं की सोलायचं, आणि तेलात भरपूर लसूण परतून त्यात ती आटवायची. ओरेगानो कुठून आणलं असं विचारलं तर भाच्यानं स्वयंपाकघरातला एक डबा पुढं केला. नागपूरला पिझ्झा खाल्ला की सोबत मिळणाऱ्या इवल्या पुड्या तो खिशात घालून आणतो, डबा अर्धा भरलेला. पांढरा सॉस मात्र नीट बघण्यासारखा. दोन मोठे चमचे लोणी वितळवायचं, त्यात तेवढाच मैदा मंद आचेवर परतायचा, रंग येऊ द्यायचा नाही, आणि अर्धा लिटर दूध हळूहळू ओतत सतत ढवळायचं. गुठळी झाली की खेळ संपला. शेवटी मीठ, मिरं आणि चिमूटभर जायफळ. जायफळ म्हटल्यावर वहिनी ताठ बसली. पुरणाच्या डब्यातलं जायफळ आणून तिनं स्वतः किसलं, आणि तिथून पुढं हा पदार्थ तिचाच झाला.

मग रचायचं. तळाला लाल रस्सा, त्यावर पट्ट्या, त्यावर परतलेल्या भाज्या आणि कुस्करलेलं घरचं पनीर, त्यावर पांढरा सॉस, किसलेलं चीज. पुन्हा पट्ट्या. चार थर झाले. सगळ्यात वर फक्त पांढरा सॉस आणि चीज. 180 अंशांवर पाऊण तास. ओव्हनच्या काचेपुढं घरातली सगळी पोरं मांडी घालून बसली, आणि कडेनं लाल रस्सा बुडबुडायला लागला तेव्हा कोणी तरी टाळ्या वाजवल्या. बाहेर काढल्यावर लगेच कापायचं नाही, पंधरा मिनिटं थांबायचं, थर बसू द्यायचे. या पंधरा मिनिटांत भूक लागलेल्या दादाला आवरणं हे सबंध स्वयंपाकापेक्षा अवघड गेलं.

त्या पंधरा मिनिटांत मी भाचेसुनेला जे सांगितलं ते इथंही सांगते, कारण मला ते फार आवडतं. लझानिया चौदाव्या शतकात लिहिलेलं सापडतं, लिबेर दे कोकिना नावाच्या लॅटिन पाकपुस्तकात, जे नेपल्सच्या दरबाराशी जोडलं जातं. पीठ आंबवून पातळ लाटायचं, तीन बोटं रुंदीचे चौकोन कापायचे, उकळत्या पाण्यात शिजवायचे, किसलेलं चीज आणि मसाला थरांमध्ये भुरभुरायचा आणि टोकदार लाकडी काडीनं उचलून खायचं. टोमॅटोचा पत्ता नाही. असणार कसा, तो अमेरिका खंडातून युरोपात पोचायला आणखी दोनशे वर्षं होती. ज्या लाल रश्श्याशिवाय आज इटलीची कल्पना करवत नाही तो तिकडेही पाहुणाच, आपल्याकडच्या भेदऱ्यासारखा.

उत्तर इटलीत बोलोन्याकडे ही पानं मऊ गव्हाच्या पिठात अंडं घालून करतात, पालक घालून हिरवीही करतात. दक्षिणेत अंडं नाही. तिथं कडक गव्हाचा रवा आणि पाणी, बस. तो कडक गहू म्हणजे ड्युरम, आणि बन्सी त्याच कुळातला. त्या दाण्याचा रवा पिवळा पडतो आणि पाण्यात उकळला तरी फुटत नाही, लगदा होत नाही. इटलीनं 1967 साली कायदाच केला की वाळवलेला पास्ता ड्युरमच्या रव्याचाच हवा. मोठ्या आईला कायद्याची गरज पडली नाही. तिनं लोकवनच्या शेवया पाहिल्या असत्या तर पाट उलटा टाकून उठली असती.

आणि हा गहू गेला असं म्हणावं तर तसंही नाही. इंदूरला भारतीय कृषी संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथून ड्युरमचे नवे वाण निघतात, पूसा तेजस त्यातलाच, उताऱ्याला भरभक्कम. माळव्यात तो जोरात लागतो, आणि पास्त्याच्या कारखान्यांना जातो. म्हणजे आमच्याच राज्यात, नर्मदेपलीकडे, शेवयांचा गहू पिकतो, पेनेचं रूप घेतो, पाकिटात बसतो आणि सौसरच्या दुकानात येऊन आम्हाला विकला जातो. यात हसावं की रडावं, मी हसते.

तर लझानिया कापलं. पहिला तुकडा सुरीनं निघाला नाही, थर सरकले, पण दुसरा नीट आला: वरची तांबूस कड, खाली पांढरा, लाल, हिरवा, मध्ये मक्याचे दाणे. माझी जीभ आधी गेली ती पट्टीकडे. शिजलेली होती आणि तरी दाताला लागत होती. घरच्या रव्याची पट्टी अशी लागेल असं मला वाटलं नव्हतं. पनीर जरा जास्त होतं, त्यानं थर कोरडा पडला. दुधातून निथळलेलं पाणी थोडं राखून पनिरात कालवलं असतं तर बरं झालं असतं, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. आत्या झाली म्हणून काय गप्प बसायचं?

"तिखट कमी हाय," दादा म्हणाला, आणि वर मिरचीचा ठेचा घेतला. पोरांनी लगेच त्याचं पाहून ठेचा मागितला. भाचेसून आधी खट्टू झाली, मग स्वतःही घेतला. शेजारच्या दोघी बाया वासानं आल्या होत्या. त्यांना ताटलीत वाढलं तर एकीनं उभ्या उभ्याच खाल्लं आणि विचारलं की हे कुकरात होते काय, तिच्याकडे ओव्हन नाही. होतं. जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर तापवून, त्यावर कड्याचं भांडं ठेवून, झाकणावर वजन ठेवलं की होतं, फक्त वरचा रंग येत नाही. वहिनी म्हणाली, झाकणावर निखारे ठेव. पूर्वी तशीच नानकटाई भाजत होतो की आम्ही. त्या बाईनं मोबाइलमध्ये पट्ट्यांचा फोटो काढला आणि पीठ किती, रवा किती, दोनदा विचारून घेतलं.

मला स्वतःला त्या दिवशी सुख वाटलं ते यात, की कोणाचा खांदा धरला नाही. हौसेनं केलं, एकदा केलं, चार माणसांनी मिळून केलं, आणि उद्या कंटाळा आला तर कोणी नावं ठेवणार नाही. मोठ्या आईच्या ओसरीत ही मोकळीक कोणालाच नव्हती. तिथली मजा खरी होती, तिथल्या गाण्यांची, टोमण्यांची, झेलताना तुटलेल्या धाग्यांची. पण ज्या सुनेला अंगात कणकण असूनही पाटावर बसावं लागे तिच्या वाट्याला त्यातली किती आली, हे मी आता विचारू शकत नाही.

ताटं उचलताना पुढच्या खेपेची भांडणं सुरू झाली. भाच्याला थरांत खिमा हवा. वहिनीनं त्याला उडवूनच लावलं. तिचं म्हणणं वांग्याचं भरीत घालावं. पालक-बिलक नको, त्याले काही चव नसते. भाचेसून म्हणाली, इटलीत वांग्याचे थर लावतातच, मग भरीत का नको. आता प्रश्न वांग्याचा. गॅसवर भाजलेलं भरीत वहिनीला मान्य नाही, ते कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळावरच व्हायला पाहिजे, आणि पऱ्हाटी उपटून बांधावर पडायला फेब्रुवारी उजाडतो.

"तू तवाच ये," वहिनी मला म्हणाली. "येताना नागपूरहून बन्सी रवा आण, चांगला पाहून. आणि ते लोणी-फिणी आणू नको, मी तूप देतो."

पांढऱ्या सॉसला तूप चालतं का, यावर भाचेसून आणि ती अजून वाद घालत होत्या, मी बस धरायला निघाले तेव्हा.